आणखी किती पिवळा

या, जरा जवळ सरकून बसा. दाराशी उभे आहेत त्यांनीही आत यावं, जागा होईल. गोष्ट तशी लहानशी आहे. एका माणसाने एका दुपारी खुर्चीवर बसून दोन गणितं सोडवली, बस्स. पण त्या दोन गणितांच्या मधे तो कुठवर जाऊन आला ते तुमच्या कानावर घालायचं आहे, आणि ते मोठ्या आवाजात सांगता येण्यासारखं नाही. म्हणून म्हटलं, जवळ या.

त्या माणसाला सगळे थेंब्या म्हणत. रंगाच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, रंग मिसळायचं काम त्याने उमेदीची सगळी वर्षं केलं. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन येई, चादरीचा तुकडा घेऊन येई, एखादं सुकलेलं पान रुमालात गुंडाळून आणी आणि म्हणे, अस्सा पाहिजे. थेंब्या तो रंग करून देई. शेवटी शेवटी थेंबाथेंबाने घाली, म्हणून हे नाव. पुढे काचबिंदूने त्याचे डोळे गेले, नाव तेवढं राहिलं. आता एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोनवर बसायची नोकरी त्याच्यासाठी जवळजवळ ठरलेली होती. तिथल्या साहेबांना त्याचा आवाज आवडला होता. अडलं होतं एका गणिताच्या पेपरपाशी. नोकरीसाठी भरतीची परीक्षा पास होणं भाग होतं. दोनदा तो गणितात आपटला होता, आणि या खेपेनंतर वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. हे त्याला माहीत होतं, बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि दोघांनीही सकाळपासून त्याविषयी अवाक्षर काढलं नव्हतं.

प्रश्न मोठ्याने वाचावे लागतात म्हणून त्याला वेगळी खोली दिली होती. खोलीत ओल्या खडूचा वास होता. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि कोपर टेकलं की ते किंचित झुकून पुन्हा सावरे. समोर लेखनिक म्हणून दिलेली कॉलेजातली मुलगी. तिने वाचायचं, तो सांगेल तो पर्याय काळा करायचा, बाकी चकार शब्द बोलायचा नाही, असा नियम. तिला सर्दी झाली होती. आल्या आल्या ती म्हणाली होती, "काका, माझं गणित फार कच्चं आहे हं. म्हणूनच मला निवडलंय." त्यावर तो म्हणाला होता, "मग आपली जोडी जमली." मागे कुठेतरी पर्यवेक्षक फिरत होते; त्यांचा एक बूट कुरकुरत होता, दुसरा गप्प होता. अर्धा पेपर बरा चालला होता. आणि मग त्या मुलीने नाक ओढलं, पान उलटलं आणि वाचलं:

"एका रंगाऱ्याने निळा आणि पिवळा रंग दोनास तीन या प्रमाणात मिसळून वीस लिटर हिरवा रंग तयार केला. निळ्या व पिवळ्या रंगाचे प्रमाण एकास दोन होण्यासाठी त्याने आणखी किती पिवळा रंग घालावा? अ, तीन लिटर. ब, चार लिटर. क, पाच. ड, सहा."

आणि थेंब्याला हिरवा रंग दिसला.

आता हे कसं सांगू? लोकांना वाटतं, डोळे गेले की काळोख होतो. त्याच्या डोळ्यांत काळोख नव्हता. ब्रश धुतलेलं पाणी असतं ना, संध्याकाळी दुकान आवरताना बादलीत उरलेलं, ज्यात दिवसभरातले सगळे रंग मेलेले असतात आणि ज्याला स्वतःचा असा रंग उरलेला नसतो, तसलं काहीतरी चारी बाजूंनी भरून राहिलेलं असे. सुरुवातीला त्यात डोळे मिटून तो जुने रंग आठवायचा. लाल विटेचा, कबुतराच्या मानेचा, उन्हात पडलेल्या दोरीचा. ते यायचे. मग हळूहळू येईनासे झाले. शब्द यायचा, रंग यायचा नाही. 'हिरवा' म्हटलं की तोंडात तो शब्द नुसता फिरत राही, रस संपलेल्या चिंगमसारखा. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती. डोळे गेले त्याचं दुःख सगळ्यांना कळत होतं, लोक येऊन बसून गेले होते. पण आठवणीतले रंगही गळून चाललेत, त्यासाठी कोणाच्या घरी जाऊन बसावं? आणि आज, सर्दीने भरलेल्या आवाजातल्या एका गणितातून, तो आला. पिंपात, ढवळकाठीच्या भोवती, निळ्याच्या पोटात पिवळ्याचे धागे ताणले जात, गोल फिरत, आधी वेगळे, मग वेगळे-एकत्र, मग कुठे गेले ते न कळता, ओला, जड, जिवंत हिरवा. त्याचा हात टेबलावर आपसूक फिरू लागला. टेबल झुकलं, सावरलं.

"काका? पुन्हा वाचू?"

"नको," तो म्हणाला. "ऐकलंय मी." आणि मग आवाज खाली आणून, जणू त्या पिंपाला ऐकू जाऊ नये म्हणून, "तीन."

"लिहू?"

हे ती प्रत्येक उत्तराला विचारत होती. बरोबर असो, चूक असो, एकाच सुरात, लिहू? त्यात कसली खूण नव्हती. तरीही पेन्सिल कागदाला टेकायच्या आत थेंब्याने हात वर केला. "थांब."

तीन कुठून आलं ते त्याला माहीत होतं. ते गणितातून आलं नव्हतं, हातातून आलं होतं. त्याला रंग शिकवणारा वस्ताद, खोकून खोकून वाकलेला म्हातारा, पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगायचा: "हात राखून ओत रे बाबा. कमी पडलं तर मी आहे. जास्त झालं तर देवसुद्धा नाही." चार लागणार असं दिसलं की तीन ओतायचं, ढवळायचं, फळीवर एक फटकारा मारून वाळू द्यायचा, बघायचं, मग उरलेलं चमच्याने, मग थेंबाने. जन्मभर तो असा ओतत आला. त्यामुळे कुठलंही उत्तर तोंडातून निघताना जरा अलीकडेच थांबे. आणि गंमत बघा, प्रश्न काढणाऱ्यानेही पहिला पर्याय नेमका तीन ठेवला होता, जणू त्याने थेंब्याला कुठेतरी रंग ओतताना बघून ठेवलं होतं.

बायकोने ही खोड हेरली होती. ती लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. तिचं शाळेतलं गणितही यथातथाच. पण दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा पुस्तक उघडून ती आधी स्वतः शिकायची आणि घरी येऊन त्याला शिकवायची. 'जास्तीत जास्त किती' अशी गणितं त्याला चटकन येत. लिफ्टमध्ये जास्तीत जास्त किती पेट्या चढवाव्यात? तो नेहमी बरोबर, कारण तिथे हात राखायचाच असतो. 'किमान किती' आलं की घोडं अडे. दोनशे तीस माणसं, एका बाकावर आठ, किमान किती बाक लागतील? "अठ्ठावीस," तो म्हणे.

"आणि उरलेली सहा माणसं?"

"उभी राहतील की. जरा दाटीवाटीने बसतील."

"अहो, पैसे तुमच्या बापाचे जातायत का बाकाचे? सहा जणांना उभं ठेवून यांचं गणित बसलं!" ती हसायची, मग हसू थांबवून जरा निराळ्या आवाजात म्हणायची, "कागद आहे हो हा. कागदावरचा रंग बिघडत नाही. पूर्ण ओता ना एकदा."

पूर्ण ओता. आता त्या खोलीत ते आठवलं आणि त्याबरोबर, नको असताना, दार आठवलं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना दोन खोल्यांचं घर मिळालं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली होती. दार हिरवं हवं. "तुम्ही सगळ्या गावाला मागेल तो रंग करून देता, मला कोवळ्या पानासारखा करून द्या." त्या वेळी त्याच्या नजरेच्या कडा विरघळू लागल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतला दाब वाढलाय, जे गेलं ते परत यायचं नाही, राहिलंय ते सांभाळू. आणि सहज विचारावं तसं विचारलं होतं, निळ्यापिवळ्यात गोंधळ होतो का? तो नाही म्हणाला होता. होत होता. दुकानात तो डब्यांवरची अक्षरं वाचून, वासावरून, डब्याच्या जागेवरून वेळ मारून नेत होता. घरी त्याने सांगितलं नाही. मालकाला सांगितलं नाही. इथेही हात राखला. आणि रविवारी सकाळी अंगणात बसून त्याने बायकोचा हिरवा मिसळला. निळा ओतला, पिवळा ओतला, ढवळलं. काठीला लागलेला रंग डोळ्यांजवळ धरला. काहीतरी ओलं चमकत होतं, बस. आणखी पिवळा घालावा का? किती? जास्त झाला तर? फळीवर फटकारा मारून उपयोग नव्हता, कारण बघणारा डोळाच दगा देत होता. दारातून ती म्हणाली, "झाला का हो?" आणि तिला हाक मारून, 'बघ गं, मला दिसत नाहीये,' एवढं म्हणायचं सोडून तो म्हणाला, "झाला." त्याने दार रंगवलं. ती पुढे आली. क्षणभर, अगदी क्षणभर, ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "छान झालाय."

त्या क्षणाचं ओझं त्याने कधी उचलून पाहिलं नव्हतं. आता ते हाताला लागलं. त्यानंतर तिने दाराच्या रंगाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. हिरव्यावर जीव टाकणारी बाई, कधी एकदाही 'आपलं हिरवं दार' असं म्हणाली नाही. आणि मागे एकदा पोस्टमन गल्लीत कोणाला तरी सांगत होता, "त्या निळ्या दाराच्या पलीकडचं घर." थेंब्या तेव्हा आत भाकरी मोडत बसला होता, म्हणजे घास हातातच होता, त्याला वाटलं, असेल कोणाचं तरी निळं दार. गल्लीत दारं काय थोडी आहेत? आता त्याला वाटलं, गल्लीत दारं आहेत तरी किती?

म्हणजे हा प्रश्न परीक्षेचा नव्हताच. एका रंगाऱ्याने आणखी किती पिवळा घालावा. हा त्याला अंगणात, रविवारी सकाळी विचारलेला प्रश्न होता आणि त्याने त्याचं उत्तर इतकी वर्षं कोरं सोडलं होतं.

"पंधरा मिनिटं उरली," पर्यवेक्षक म्हणाले. कुरकुरणारा बूट आला, गेला.

समोरची मुलगी नुसती श्वास घेत होती. तिला घाई करायची मुभा नव्हती आणि तिची घालमेल तिच्या पेन्सिलीतून ऐकू येत होती, टक टक, टक. थेंब्याने पिंपात पाहिलं. हिरवा अजून होता. तिथेच बसून राहावं असं त्याला फार वाटलं. किती दिवसांनी घरी कोणी यावं आणि आपण त्याला म्हणावं, थांब हं, मला गणित करायचंय! पेपर गेला तर गेला. हा पुन्हा येईल याची कोण हमी देणार? पण बाहेर बाकावर ती बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, उलगडत. ते न बघता त्याला दिसत होतं. दुपारभर दुसऱ्यांच्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने एकास दोन म्हणजे काय ते शिकून घेतलं होतं, ते त्याने हिरवा बघत बसावं म्हणून नव्हे. दोन आणि तीन, पाच वाटे. वीस लिटरचे पाच वाटे, एकेक चार लिटरचा. निळा आठ, पिवळा बारा. निळ्याला हात लावायचा नाही. आठाच्या दुप्पट सोळा. बारा आहेत. सोळाला कमी किती?

त्याने डबा उचलला. वजनावरून तो चार लिटरचा होता. मनगटाने सवयीने तिनाशी थांबायला बघितलं, वस्तादाचा खोकला कानाशी आला. आणि थेंब्याने मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला आणि डबा पालथा केला. तळ दिसेपर्यंत. पिवळा सळसळत उतरला, हिरवा उजळला, कोवळा झाला, अगदी कोवळा, आणि मग, ढवळता ढवळता, ब्रश धुतल्या पाण्यात कुठेतरी विरून गेला.

"चार," थेंब्या म्हणाला.

"लिहू?"

"लिही पोरी. चार."

पेन्सिल गोल गोल फिरली. मग तिने पुढचे प्रश्न वाचले, त्याने उत्तरं दिली. काही येत होती, काही देवावर सोडली. आणि अगदी शेवटी हे आलं:

"एका टाकीत नऊशे लिटर पाणी आहे. दर मिनिटाला पस्तीस लिटर पाणी बाहेर जाते. टाकीतील पाणी दोनशे लिटरपेक्षा कमी होण्यासाठी किमान किती पूर्ण मिनिटे लागतील? अ, एकोणीस. ब, वीस. क, एकवीस. ड, पंचवीस."

याही गणिताने त्याला धरलं, पण निराळ्या हाताने. टाकी आणि गळती. त्याचे डोळे असेच तर रिते झाले होते, एकसारखे, आवाज न करता. कुठल्या मिनिटाला पाणी त्या रेघेखाली गेलं? डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. त्याने मात्र प्रत्येक मिनिटाला स्वतःला बजावलं होतं, अजून रेघेवर आहे, अजून आहे, अजून सांगायची वेळ आली नाही. नऊशेतून दोनशे गेले, सातशे वाहायचे. पस्तीस वीसदा सातशे. वीस. तोंडाशी वीस आलं, गोल, नीटनेटकं, रेघेवर बरोबर टेकलेलं. हात राखणाऱ्याला यापेक्षा गोड उत्तर कुठलं? पण विसाव्या मिनिटाला पाणी दोनशेच असतं. दोनशेपेक्षा कमी नसतं. रेघेवर बसून राहिलेल्या माणसाला रेघ ओलांडली असं म्हणता येत नाही. सहा माणसं उभी आहेत, अहो. आणखी एक मिनिट लागतं. तेवढं एक मिनिट त्याने अंगणात, रविवारी, खर्च केलं नव्हतं.

"एकवीस," तो म्हणाला. आणि तिने विचारायच्या आत, "लिही."

घंटा झाली. मुलीने कागद गोळा केले, खुर्ची मागे सारली आणि नियम संपल्यावर पुन्हा आपल्या मनाने बोलली. "काका, त्या रंगाच्या गणिताला तुमचा हात फिरत होता. मला वाटलं तुम्हांला बरं वाटत नाहीये."

"फार बरं वाटत होतं," थेंब्या म्हणाला. "तू सर्दीला वाफ घे."

व्हरांड्यात बायकोने त्याचं कोपर धरलं. "कसा गेला?"

मागच्या दोन्ही खेपांना तो 'बरा' म्हणाला होता. तोच शब्द ओठांवर येऊन उभा होता. तो त्याने गिळला. "बसू जरा," तो म्हणाला, आणि दोघं त्याच बाकावर बसली. लोक समोरून जात होते, कोणी उत्तरं ताडून पाहत होते, कोणाचं तरी मूल रडत होतं.

"आपलं दार कुठल्या रंगाचं आहे गं?"

तिचा हात कोपरावर होता तसाच राहिला. "आता मधेच दार कुठून काढलंत?"

"पेपरात आलं होतं."

तिने कोपरावरचा हात काढून पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "निळं आहे. निळंभोर. हिरव्याचा मागमूस नाही. पिवळा म्हणून तुम्ही काय घातलंत देव जाणे."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही रंग चुकलात म्हणजे... त्याचा अर्थ मला कळला की हो तिथेच." तिचा आवाज सांडायला आला होता, तो तिने सावरला. "म्हटलं, तुम्ही आपणहून सांगाल. मग वाट बघायची सवय झाली."

"मी हात राखत बसलो."

"ते का मला माहीत नाही?" आणि ती एकदम, रडता रडताच, हसली. "अहो, पोस्टमन आपल्याला निळ्या दारवाले म्हणतो! सगळ्या गल्लीला ठाऊक, एक तुम्ही सोडून."

मग थेंब्याने तिला सगळं सांगितलं. दुकानात डबे वासाने ओळखायचा ते. डॉक्टरांना खोटं बोलला ते. रंग आठवेनासे झालेत ते. आणि आज पिंपात काय आलं होतं, कसं आलं होतं, जाताना कसं गेलं. तळ दिसेपर्यंत ओतलं. रस्त्याने चालतानाही तो बोलतच होता. निकालाची काळजी होतीच, पण ती आता दोघांच्या हातात मिळून धरल्यासारखी होती, पिशवीचे दोन बंद दोघांनी धरावेत तशी.

निकाल लागला तेव्हा तो पास झाला होता, अगदी काठावर. एखादं उत्तर इकडचं तिकडे होतं तर वयाच्या अटीने दार लावून घेतलं असतं. त्या रुग्णालयात टेलिफोन केलात तर 'थांबा हं, जोडून देतो' म्हणणारा शांत आवाज त्याचाच. पण नोकरीवर जायच्या आधी त्यांनी एक काम केलं. अंगणात बादली मांडली. तो बसला, ती उभी. निळा तिने ओतला. मग पिवळ्याचा डबा उचलला आणि जरासा ओतून हात थांबवला. बघा, इतक्या वर्षांच्या सहवासात तिलाही ती खोड लागली होती.

"आणखी किती?" तिने विचारलं.

"तुला दिसतंय ना?"

"दिसतंय. अजून निळाच दिसतोय."

"मग ओत," थेंब्या म्हणाला. "ओतत राहा. पान झालं की सांग." आणि ती सांगेपर्यंत तो तोंड वर करून, उन्हात, ऐकत बसला. मग ती म्हणाली, "झालं." तो काठीने ढवळत राहिला, आणि त्याला दिसलं की नाही ते आपण विचारू नये.

आता उठायच्या आधी एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी लेकरू गणिताचं पुस्तक घेऊन बसलं आणि त्यात 'एका रंगाऱ्याने' असं वाक्य आलं, तर लगेच उत्तराकडे धावू नका. त्या रंगाऱ्याला नाव नसतं, घर नसतं, त्याने रंग कोणासाठी मिसळला हे कोणी विचारत नाही; त्याला फक्त आणखी किती एवढं विचारतात. आपण क्षणभर थांबावं. त्याच्या बादलीशी दाराकडे बघत उभ्या असलेल्या त्या बाईची आणि त्याची आठवण काढावी, आणि मग लेकराला म्हणावं, हं, पुढे वाच.